रामेश्वरहून आणलेला प्रवाळ आणि समुद्राची जुनी पातळी

प्रश्न असा आला आहे: "मी सोलापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या आजोबांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी रामेश्वरच्या यात्रेहून मुठीएवढा प्रवाळाचा दगड आणला होता, तो अजून देवघराशेजारच्या फळीवर आहे. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र 120 मीटर खाली होता, हे म्हणे प्रवाळांवरून कळलं. हे वय नेमकं काढतात कसं? आणि आमच्या दगडाचं काढता येईल का?"

सर, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. तुमच्या दगडाचं वय बहुधा काढता येईल. पण त्यावरून समुद्र कुठवर होता हे जगातली कुठलीही प्रयोगशाळा सांगू शकणार नाही, कारण आजोबांनी तो उचलला. माझी तीसेक वर्षं याच कामात गेली. निम्मी किनाऱ्यावर हातोडा घेऊन आणि निम्मी प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून. नातेवाईक अजून विचारतात, "सोलापुरात बसून समुद्र कुठला बे?" तर मशीन देतं ते वय. उंची किनाऱ्यावरच मोजून आणावी लागते, आणि खरी डोकेदुखी तिथेच असते.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. सराफाकडे मंगळासाठी अंगठीत बसवून मिळतं ते लाल पोवळं वेगळं. ते खोल पाण्यात, अंधाऱ्या कपारीत वाढतं आणि समुद्रात त्याच्या भिंती (रीफ) होत नाहीत. आपण बोलतोय ते उन्हाच्या आधाराने वाढणाऱ्या प्रवाळाबद्दल. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, शैवालाला उजेड लागतो, म्हणून ते उथळ पाणी सोडत नाही. पातळीचा सगळा हिशेब या एका सवयीवर उभा आहे.

आता घड्याळ. समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळलेलं असतं, थोरियम जवळजवळ नसतं. ते कणांना चिकटून तळाला जातं. प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातून कॅल्शियम ओढतो, त्याच्यासोबत युरेनियमही आत शिरतं, ग्रॅममागे साधारण 3 मायक्रोग्रॅम. म्हणजे सांगाडा बनला त्या दिवशी युरेनियम आहे आणि थोरियमचं खातं शून्य. पुढे युरेनियम-234 किरणोत्सर्गाने मोडत जातं आणि त्यातून थोरियम-230 जमतं. पहिल्याचं अर्धायुष्य सुमारे 2 लाख 45 हजार वर्षं, दुसऱ्याचं सुमारे 75,600 वर्षं. दोघांचं प्रमाण मोजलं की वय निघतं.

वर्गात हे हौदावरून सांगा. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात हौदाचं गणित मुलांना शिकवावं लागत नाही. हौद रिकामा, वर नळ चालू, तळाला एक बारीक भोक. सुरुवातीला पाणी भराभर चढतं. जसजसं चढतं तसा तळाशी दाब वाढतो आणि गळतीही वाढते. शेवटी नळ जेवढं टाकतो तेवढंच भोकातून जातं आणि पातळी एका जागी थांबते. पाणी चढत असताना कुणीही डोकावून सांगेल की नळ केव्हा सोडला. थांबल्यावर तासाभरापूर्वी सोडला की कालपासून चालू आहे, काही कळत नाही. नळ म्हणजे युरेनियम, पाणी म्हणजे थोरियम-230. ते स्वतःही मोडतं, तेच ते भोक. म्हणून हे घड्याळ 5 ते 6 लाख वर्षांपलीकडे चालत नाही.

याच कारणाने आपल्या घरोघरी असलेल्या शहाबादी फरशीचं वय या पद्धतीने निघणार नाही, हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. फरशी समुद्रातल्या चुन्याचीच आहे हे खरं, पण ती भीमा खोऱ्यातल्या इतक्या जुन्या थरांतली आहे की तेव्हा जगात प्रवाळच नव्हते. फरशी खोलीत ठेवा आणि पुढे चला.

पूर्वी हे प्रमाण मोजायला बाहेर पडणारे अल्फा कण मोजत बसावं लागे. नमुना भरपूर लागायचा आणि सव्वा लाख वर्षांच्या प्रवाळाच्या वयात काही हजार वर्षांची चूक धरून चालावं लागे. तरी त्याच पद्धतीने 1960 च्या दशकात कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरच्या प्रवाळाच्या पायऱ्यांची, म्हणजे जुन्या किनाऱ्याला वाढून आज उंचावर राहिलेल्या टप्प्यांची, वयं काढली गेली: सुमारे 82 हजार, 105 हजार आणि 125 हजार वर्षं. पृथ्वीच्या कक्षेत आणि अक्षात होणाऱ्या बदलांमुळे हिमयुगं येतात-जातात, असं मिलानकोविच या शास्त्रज्ञाने कागदावर मांडलं होतं. ही वयं त्या गणिताशी जुळली आणि लोक ते गांभीर्याने घेऊ लागले. मग 1987 च्या सुमारास लॉरेन्स एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे अणू वजनाप्रमाणे वेगळे करणाऱ्या यंत्राने, थेट अणूच मोजले. मोडणाऱ्या अणूची वाट बघायची गरज संपली. आज चांगल्या नमुन्याचा चिमूटभर तुकडा पुरतो आणि सव्वा लाख वर्षांत चूक काही शे वर्षांवर येते.

"चांगल्या नमुन्याचा" या शब्दात माझे सगळे पांढरे केस आहेत.

प्रवाळाचा सांगाडा ॲरागोनाइट नावाच्या खनिजाचा असतो. तो समुद्राबाहेर आला, त्यावर पाऊस पडला, की गोडं पाणी हा चुना विरघळवून पुन्हा जमवतं, पण या वेळी कॅल्साइटच्या रूपात. आपल्याकडे काळ्या रानात चुनखडे निघतात ना, तेही असंच: पावसाने चुना खाली नेला आणि पुन्हा जमवला. फक्त प्रवाळात हा उद्योग झाला की युरेनियम आत-बाहेर होतं आणि घड्याळाची चावी कुणीतरी फिरवून ठेवल्यासारखं होतं.

मी नवखा असताना एका उंचावलेल्या पायरीवरून सुंदर नमुना आणला होता. बाहेरून पांढराशुभ्र, प्रवाळावर चांदणीसारखी नक्षी असते ती चांदणी अन् चांदणी शाबूत. उत्साहाच्या भरात क्ष-किरण विवर्तनाची, म्हणजे खनिज कोणतं ते ओळखायची, तपासणी राहू दिली आणि थेट विरघळवला. वय आलं एक लाख साठ हजार, आजूबाजूचे सगळे सव्वा लाखाचे. तीन महिने मी नव्या शोधाच्या धुंदीत होतो. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला: "सुरुवातीचं युरेनियम किती आलं?"

हा प्रश्न समजून घ्या, कारण शंभर रुपयांची नोट उजेडात धरून बघतात तशी ही तपासणी आहे. समुद्राच्या पाण्यात युरेनियम-234 हे समतोलाच्या (जेवढं बनतं तेवढंच मोडतं त्या स्थितीच्या) मानाने हजारी सुमारे 147 ने जास्त असतं, आणि ते प्रमाण जगभरच्या महासागरांत जवळजवळ सारखं आहे. प्रवाळ पाण्यातून उचलतो तेव्हा त्याच्यातही तेच 147. नंतर हा जादा भाग हळूहळू ओसरतो. सव्वा लाख वर्षांत 103 च्या आसपास येतो. तेव्हा आज मोजलेल्या आकड्यावरून मागे हिशेब केला की 147 च्या जवळ पोचायला हवं. पोचलं, तर सांगाडा मधल्या काळात बंद राहिला असं समजायला जागा आहे. माझा नमुना मागे नेल्यावर 190 वर गेला. म्हणजे बाहेरून काहीतरी आत शिरलं होतं. उरलेला अर्धा तुकडा नंतर करवतीने कापला तर आतली पोकळी खडीसाखरेसारखी चमकत होती. ते कॅल्साइट. विवर्तनाने आकडा दिला 12 टक्के. आमच्याकडे 1-2 टक्क्यांवर गेला तरी नमुना बाजूला ठेवतात. तेव्हापासून माझा नियम ठरला: कापलेली बाजू निस्तेज, खडूसारखी दिसली की मला आनंद होतो. चमकली की संशय. दिसायला देखणे नमुने मी विद्यार्थ्यांना कपाटात ठेवायला सांगतो.

मातीचाही त्रास असतो. गाळ स्वतःसोबत थोरियम घेऊन येतो आणि शून्यापासून सुरू झालेलं खातं उगाच फुगतं. ते ओळखायला थोरियम-232 मोजतात. ते युरेनियम-234 पासून बनत नाही, त्यामुळे दिसलं की गाळ शिरला आहे हे उघड होतं.

समजा नमुना शुद्ध निघाला आणि वय पक्कं झालं. आता समुद्र.

उन्हाळ्यात उजनी आटते तेव्हा काठावर जुन्या पाण्याच्या रेघा दिसतात, पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. आपण बेधडक म्हणतो, पाणी उतरलं. मंदिर जागचं हललेलं नाही याची आपल्याला खात्री असते म्हणून. किनाऱ्यावर ही खात्री नसते. डिसेंबर 2004 च्या भूकंपात उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा वर उचलला गेला आणि जिवंत प्रवाळ उन्हात वाळून मेले. त्याच भूकंपात दक्षिणेला ग्रेट निकोबार खचलं आणि इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाच्या पायथ्याशी समुद्र आला. समुद्र दोन्हीकडे तोच. पाच हजार वर्षांनी कुणी दोन्ही ठिकाणचे प्रवाळ मोजले आणि भूकंप विसरला, तर एक म्हणेल समुद्र उतरला, दुसरा म्हणेल चढला.

म्हणून उंचीतून जमिनीची हालचाल वजा करावी लागते. बार्बाडोस हजार वर्षांना साधारण 0.34 मीटरने वर येतं. वीस हजार वर्षांच्या प्रवाळासाठी जवळपास 7 मीटरची दुरुस्ती झाली. पापुआ न्यू गिनीच्या ह्युऑन द्वीपकल्पात हाच वेग काही भागात हजार वर्षांना 3 मीटरपर्यंत जातो. तिथल्या डोंगरउतारावर प्रवाळाच्या पायऱ्या जिन्यासारख्या चढत गेल्या आहेत आणि सर्वांत वरच्या समुद्रापासून शेकडो मीटर उंच आहेत. वर येणारी जमीन आमच्या फायद्याची, कारण प्रत्येक जुनी पायरी पुढच्या लाटांपासून वाचते आणि वेगळी वाचता येते. पॅसिफिकमधलं ताहिती बेट मात्र हळूहळू खचतं आहे, तिथे उलटी दुरुस्ती.

पण उचलण्याचा वेग कळतो कशावरून? सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या पायरीवरून. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 6 मीटर वर होता असं धरायचं, पायरी आज किती उंच आहे ते बघायचं, त्यातून ते 6 वजा करायचे आणि सव्वा लाख वर्षांनी भागायचं. ते 6 मीटर आले कुठून? दुसऱ्या, स्थिर मानलेल्या किनाऱ्यांवरून. आज त्या काळासाठी 6 ते 9 मीटर असा पल्ला सांगतात, म्हणजे दुरुस्तीतही तेवढी अनिश्चितता शिरते. थोडं गोल गोल फिरणं यात आहे आणि आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. मला ते लपवण्यापेक्षा आकड्यासोबत मोठी चूक-मर्यादा लिहिणं बरं वाटतं. तीन आकडी अचूकतेने लिहिलेली जुनी समुद्रपातळी दिसली की मी पान उलटतो.

पुढचा प्रश्न असा की प्रवाळ पाण्याच्या पृष्ठभागापासून किती खाली वाढला. इथे जात महत्त्वाची. कॅरिबियनमधली ॲक्रोपोरा पाल्माटा, हरणाच्या शिंगासारखी फताड्या फांद्यांची जात, मुख्यतः वरच्या 5 मीटर पाण्यात भिंत बांधते. ती उभ्या स्थितीत, मुळाशी चिकटलेली सापडली की समुद्र तिच्या डोक्यावर शून्य ते पाच मीटर होता असं म्हणता येतं. रिचर्ड फेअरबँक्स यांनी 1989 साली बार्बाडोसच्या समुद्रात छिद्रं घेऊन याच जातीचे बुडालेले प्रवाळ काढले, आणि हिमयुगाच्या कळसाला समुद्र 121 मीटर खाली होता, अधिक-उणे 5, असा आकडा दिला. तुम्ही विचारलेले 120 मीटर त्या घराण्यातले आहेत. नंतर ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफच्या कडेला घेतलेल्या छिद्रांवरून काही जण हा आकडा 125 ते 130 पर्यंत नेतात.

गोल घुमटासारखे पोरायटीस मात्र पंचवीस-तीस मीटर खोलीतही आरामात असतात. त्यांच्यावरून "समुद्र इथेच होता" म्हणणं म्हणजे शेतात माणूस दिसला म्हणून घर तिथेच आहे असं ठरवण्यासारखं. अशा वेळी सोबतचे बारके रहिवासी मदत करतात. ताहितीच्या नमुन्यांत प्रवाळावर चढलेल्या गुलाबी शैवालाचा जाड थर आणि त्यात रुतलेल्या नळीसारख्या गोगलगायी दिसल्या, तर पाणी पाच-सहा मीटरपेक्षा खोल नव्हतं असं धरतात. तो थर नखाएवढा जाड असतो. प्रवाळाकडेच बघत बसलं तर सहज नजरेतून सुटतो.

ताहितीला 2005 साली समुद्रतळात मोठी छिद्रं घेतली गेली. त्यांतून निघालेली गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. सुमारे 14,650 ते 14,310 वर्षांपूर्वी, म्हणजे साडेतीनशेपेक्षाही कमी वर्षांत, समुद्र 14 ते 18 मीटर चढला. वर्षाला 40 मिलीमीटरहून जास्त. सध्याचा वेग 4 मिलीमीटरच्या आसपास आहे. प्रवाळाची भिंत वर्षाला साधारण काही मिलीमीटर, फार तर सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर चढते. काही भिंती पाण्यासोबत राहिल्या, काहींनी मागून गाठलं, काही बुडाल्या. हवाई बेटांजवळ आज दीडशे मीटर खोल असलेली एक भिंत याच झपाट्यात बुडाली असं मानतात.

मुलांना हा 120 मीटरचा आकडा जवळचा करायचा असेल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेस वापरा. रात्री सोलापुरात बसलं की सकाळी मुंबई. हिमयुगाच्या कळसाला मुंबईसमोरचा उथळ तळ कोरडा होता आणि किनारा दोनशे किलोमीटरहून अधिक पश्चिमेला. सीएसएमटीला उतरून समुद्र गाठायला आणखी निम्मा प्रवास. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तेव्हा पाटी असती तर आकडा 120 ने मोठा रंगवावा लागला असता. मुंबईत अपोलो बंदरावर भरती-ओहोटीची नोंद 1878 पासून आहे. त्यामागचं सगळं प्रवाळ, शिंपले आणि गाळ यांना विचारूनच कळतं.

आता फळीवरच्या दगडाकडे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नखाएवढ्या चांदण्या दिसतात, त्यावरून तो फॅविया गटातला वाटतो. मुठीएवढा म्हणजे त्याची स्वतःची वाढ दहा-पंधरा वर्षांची. झाडाला वलयं असतात तसे यात वर्षाचे पट्टे असतात, दाट आणि विरळ, पातळ काप काढून एक्स-रे घेतला की दिसतात. हे पट्टे वर्षाचेच आहेत हे ज्या प्रकारे सिद्ध झालं ते मोठं विचित्र आहे: पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक बेटांवर अमेरिकेने अणुचाचण्या केल्या, त्यांचा किरणोत्सर्ग जिवंत प्रवाळांच्या सांगाड्यात रेघेसारखा उमटला. चाचण्यांची सालं माहीत होती. 1972 साली संशोधकांनी रेघांमधले पट्टे मोजले आणि ते वर्षांशी जुळले.

पण पट्टे मोजून प्रवाळ किती वर्षं जगला ते कळेल, कधी जगला ते नाही. रामेश्वर बेटावर दोन शक्यता आहेत. एक, तो वादळाने किनाऱ्यावर फेकलेला अलीकडचा तुकडा. दोन, तिथे किनाऱ्यालगत उंचावलेली जुनी प्रवाळभिंत आहे, तिच्यातला. त्या भिंतीतल्या एका नमुन्याचं कार्बन-14 वय सुमारे 4000 वर्षं आलेलं आहे. प्रवाळ आज भरतीच्या वर कसे, याचं एक कारण असं: उत्तरेकडचा बर्फ वितळल्यावर दाबलेली जमीन वर येऊ लागली, तिच्या भोवतालचा फुगलेला समुद्रतळ बसत गेला, आणि उष्ण कटिबंधातलं थोडं पाणी तिकडे सरकलं. त्यामुळे चार-सहा हजार वर्षांपूर्वी आपल्याकडच्या काही किनाऱ्यांवर समुद्र आजच्यापेक्षा किंचित वर होता. भिंत उभी असेल तिथे मोजपट्टी लावली तर तो "किंचित" किती, हे काढता येतं. सुटा तुकडा भिंतीच्या माथ्यावरचा होता, पोटातला होता की लाटेने आणून टाकलेला, हे तो स्वतः सांगत नाही.

वयासाठी कार्बन-14 चालेल, त्यात समुद्राच्या जुन्या कार्बनपोटी सुमारे 400 वर्षं वजा धरावी लागतात. फार मागे गेलं की कार्बनचं घड्याळ वेगळ्याच कारणाने बिघडतं: 1990 साली एदुआर बार्ड आणि सहकाऱ्यांनी बार्बाडोसचेच प्रवाळ दोन्ही पद्धतींनी मोजले, तर वीस हजार वर्षांजवळ कार्बनचं वय सुमारे साडेतीन हजार वर्षांनी कमी भरलं. तुमच्या तुकड्याला ती भीती नाही. युरेनियम-थोरियमनेही अलीकडचा प्रवाळ उत्तम मोजता येतो.

घरी करण्यासारखं थोडंच आहे. लिंबू पिळून फसफसलं तर तो चुना आहे एवढंच कळतं. ॲरागोनाइट आणि कॅल्साइट दोन्ही फसफसतात. तुटलेल्या बाजूवर दहापटीचं भिंग धरा. चांदणीच्या पाकळ्या पातळ, कडा धारदार, पोकळ्या रिकाम्या असतील तर तो बहुधा तरुण आणि न बदललेला आहे. पोकळ्यांत साखरेचे दाणे दिसले तर त्याने बाहेर बराच पाऊस पाहिला आहे. वर्गात मुलांना पाहू द्या, कापू नका. नवीन तुकडा कुणी आणू म्हटलं तर थांबवा, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता तो गुन्हा आहे.

आणि घरात कुणी वडीलधारं असेल तर एकदा विचारून बघा, आजोबांनी तो वाळूत पडलेला उचलला होता की दगडातून ठोकून काढला होता. काढलेला असेल तर त्याच्या एका बाजूला ताज्या तुटीचा सपाट चट्टा असेल. तो चट्टा सापडला तर मला त्याचा जवळून फोटो पाठवा.